सत्त्याऐंशीची पुडी

१४ मे

मोतोहारु दादा,

दर नववर्षाला तुझं छापील कार्ड येतं. त्यावर ओदातेचा पत्ता असतो आणि बाकी एक अक्षर नसतं. मीही तसंच कार्ड पाठवते. तेहतीस वर्षांत आपण एकमेकांना पत्त्याखेरीज काही कळवलेलं नाही, त्यामुळे हे पाकीट हाताला जाड लागलं तर घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. बाबा शहाऐंशीचे झालेत. बंदरामागच्या वृद्धाश्रमात असतात आणि तिथल्या आमटीला रोज नावं ठेवतात.

एका कामासाठी लिहिते आहे. त्या कामाची मला किळस आली आहे, हेही आधीच सांगून टाकते.

आपल्या धाकट्या योशिताकाने घरच्या सोया सॉसच्या जाहिरातीसाठी तोक्योहून हानावा नावाचा एक माणूस आणलाय. बाटल्यांना गोष्टी चिकटवणं हा त्याचा धंदा. पायात पांढरे बूट, तोंडात सतत 'वारसा'. सोयाबीन-गव्हावर बुरशी चढवतो त्या आपल्या कोजीच्या खोलीच्या दारात योशिने रिवाजाप्रमाणे त्याला अडवलं आणि विचारलं, "चार दिवसांत काय खाल्लंत?" तर हा हसत सुटला. "नत्तो, तो तारा सुटणारा आंबवलेला सोयाबीन, खाल्ला असेल तर आत नाही सोडणार? त्याचा जंतू कोजी नासवतो म्हणून? अहो, हे तर छापायलाच हवं." त्याने दाराचा फोटो काढला. मग योशिला पुन्हा तोच प्रश्न विचारायला लावून त्याचं चित्रणही केलं. आपल्या घरात जो प्रश्न विचारताना मोठी माणसंसुद्धा आवाज खाली आणत, तो योशिने कॅमेऱ्याकडे बघून तीनदा विचारला. तिसऱ्यांदा तर तो जरा लाजला. मी मोहरीच्या फुलासारख्या पिवळ्या त्याच्या नव्या ॲप्रनकडे बघत उभी होते.

तर हानावाचं म्हणणं असं, की आपल्या बुरशीचा जनुकसंच पूर्ण वाचायचा आणि लेबलवर छापायचं, 'अडीचशे वर्षांची अखंड वंशरेषा'. मी जिल्ह्याच्या आंबवण प्रयोगशाळेत आहे, यंत्र माझ्या खोलीत आहे, म्हणजे काम माझ्याच गळ्यात.

"ताई, घरचंच तर आहे," योशि म्हणाला. "बाहेर दिलं तर आपली बुरशी चोरतील."

"कोण चोरणार? अर्धं बेट बुरशीचं बियाणं बाजारातून आणतं."

"म्हणूनच. आपण अजून घरी करतो, हेच तर विकायचंय."

बाबांची किरीच्या लाकडाची पेटी तुला आठवत असेल. दर नोव्हेंबरला केलेल्या बियाण्यातली एक पुडी तिच्यात जायची, हिरवट पूड आणि कॅमेलियाची राख, वर शाईने साल. एकसष्टपासूनच्या सगळ्या आहेत. जुन्या सगळ्यांवर बाबांचं अक्षर, अलीकडच्यांवर योशिचं, आणि फक्त सत्त्याऐंशीच्या पुडीवर तुझं. तू सातच्या आकड्याला शेपटी द्यायचास.

म्हणून एवढंच विचारायचं होतं. ती पुडी तू एकट्याने केलीस का, आणि शहाऐंशीच्या बियाण्यावरूनच केलीस का? नोंदीला लागेल. कार्डावर दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

चिगुसा

*

६ जून

दादा,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नव्हते असं म्हणणार नाही.

काम झालं आहे. निकाल योशिला सांगितला आहे आणि तो माझ्याशी बोलत नाही, म्हणून तुला सांगते. तुझा त्यावर जास्त हक्क आहे.

आपल्या बुरशीचा जनुकसंच म्हणजे सुमारे पावणेचार कोटी अक्षरांचा मजकूर. दर वर्षी गेल्या वर्षीच्या बियाण्यावरून नवं बियाणं करताना त्याची नक्कल होते आणि नक्कल करताना कुठेकुठे एखादं अक्षर चुकतं. शहाऐंशीतली चूक सत्त्याऐंशीत उतरते, सत्त्याऐंशीतली अठ्ठ्याऐंशीत. चुका मोजत गेलं की कोण कोणापासून झालं ते कळतं. मी एकसष्टपासून आजवरच्या सगळ्या पुड्या ओळीने लावल्या. सत्त्याऐंशीपर्यंत माळ सरळ चालते. पुढे अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद या तीन पुड्यांच्या आपल्या वेगळ्या चुका आहेत आणि त्यातली एकही आजच्या बुरशीत नाही. आजची बुरशी थेट तुझ्या सत्त्याऐंशीच्या पुडीतून निघाली आहे.

हानावाला ही फारच गोड बातमी वाटली. त्याला तीन वर्षांच्या फांदीशी देणंघेणं नाही, वंश अखंड आहे ना, झालं. पण यंत्र फक्त बुरशी वाचत नाही. पुडीत जे काही असेल ते सगळं वाचतं.

अठ्ठ्याऐंशीच्या पुडीत नत्तोचा जंतू आहे, पुसट. एकोणनव्वदच्या पुडीत स्पष्ट. नव्वदच्या पुडीबद्दल विचारूच नकोस. गवतातून, धुळीतून खोलीत शिरतो तो नव्हे. दुकानात डब्यात मिळणाऱ्या नत्तोला जे विरजण लावतात, त्यातलाच हा वाण आहे. कोणीतरी खाल्लेला आहे. हाताला, नखाला, बाहीला लागून आत आलेला आहे.

खात्री म्हणून नव्वदच्या पुडीतली चिमूटभर पूड मी उकडलेल्या सोयाबीनवर टाकून एक दिवस उबेत ठेवली. दुसऱ्या दिवशी काडीने दाणा उचलला तर हातभर तार निघाली. वास आला. मी बुरशांवर पोट भरणारी बाई आहे, सडकं काय असतं ते मला माहीत आहे, तरी मला प्रयोगशाळेच्या मागे जाऊन ओकावं लागलं.

आता तारखा बघ. अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये बाबांनी तुला चिबाला दुसऱ्या मालकाकडे काम शिकायला पाठवलं. नव्वदच्या एप्रिलमध्ये तू परत आलास. बियाणं नोव्हेंबरात होतं. म्हणजे अठ्ठ्याऐंशीचं आणि एकोणनव्वदचं बियाणं झालं तेव्हा तू बेटावर नव्हतास. एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत कोजी बिघडली, त्याचं मूळ तू येण्याआधी दीड वर्ष खोलीत होतं.

ती कोजी मला आजही दिसते. सगळे थर तापलेले, दाणे बुळबुळीत, एकमेकांना चिकटलेले. कामगार फावड्याने उचलत होते आणि फावड्याला तारा लोंबत होत्या. बाबा तुला म्हणाले होते, "चिबाला जाऊन ही घाण खायला शिकलास?" तू नाही म्हणालास. त्यांनी सगळ्यांसमोर तुझ्या थोबाडीत मारली आणि दुपारच्या बोटीने तू गेलास.

पण दादा, मला झोंबलंय ते वेगळंच. तू आणलंस असं बाबांना खरंच वाटत असतं, तर त्यांनी तू येण्याआधीची, एकोणनव्वदची पुडी उघडून पुन्हा सुरुवात केली असती. त्यांच्या हिशेबाने ती स्वच्छ होती. त्यांनी ती टाळली. अठ्ठ्याऐंशीचीही टाळली. ते नेमके सत्त्याऐंशीवर गेले. घाण कधीपासून आत येते आहे ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. बुरशीने ते लिहून ठेवलंय.

योशिला हे समोर बसवून सांगितलं.

"यंत्र चुकतं ना कधीकधी?"

"चुकतं. म्हणून तीनदा लावलं."

"मग चौथ्यांदा लाव."

"योशि, दादा चिबाला होता."

"सुट्टीला आला असेल."

"बियाण्याच्या दिवसांत? हजेरीची वही आहे, आणू?"

त्याने बाटलीचं टोपण घट्ट पिळलं. मग म्हणाला, "अहवालात त्या तीन पुड्या नकोतच. दमट होत्या, वाचता आल्या नाहीत, असं लिही. बाबा वर्षभराचे सोबती आहेत, ताई. आता हे उकरून कोणाचं भलं होणार?"

"दादाचं."

"तो आलाय का विचारायला?"

अहवाल मी अजून सही न करता ठेवला आहे. कोणी आणलं ते मला सांगता येणार नाही. यंत्रालाही येत नाही.

चिगुसा

*

२५ जून

दादा,

तुझं कार्ड मिळालं. तीन वाक्यं आहेत. मी ती इतक्या वेळा वाचली की पोस्टमनला ऐकू गेली असतील. 'सत्त्याऐंशीची पुडी मी केली, शहाऐंशीवरून. मी नत्तो खात नाही, इथे सगळे रोज खातात तरी. कधीच खाल्ला नाही.'

लाकूड वाकवून जेवणाचे डबे करतोस असं ऐकून होते. ज्या गावात लोक त्या डब्यांत सकाळ-दुपार नत्तो भरून नेतात, त्या गावात तू तेहतीस वर्षं नत्तोला हात न लावता राहिलास. कोणासाठी रे? त्या दारात कोणी पुन्हा विचारलं तर खरं उत्तर देता यावं म्हणून?

गेल्या पत्रात शेवटी मी खोटं लिहिलं. कोणी आणलं ते मला माहीत आहे. ऐक.

अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरमध्ये बाबा रक्तदाबाने ताकामात्सुच्या इस्पितळात होते. तुला चिबाला फोनवर 'जरा चक्कर आली' एवढंच कळवलं होतं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, मीठ कमी करा आणि रोज नत्तो खा. मीठ कमी करा असं सोया सॉसवाल्याला सांगितल्यावर बाबा त्यांच्यावर खेकसले. दुसऱ्या गोष्टीवर मात्र काही बोलले नाहीत. तीन आठवडे इस्पितळात सकाळी नत्तो मिळत होता आणि त्यांनी तो खाल्ला. आवडला. मरणाच्या भीतीने खाल्ला असता तर मी समजू शकले असते. त्यांना तो आवडला.

मला नुकताच गाडीचा परवाना मिळाला होता. दर शनिवारी मी त्यांना पहिल्या बोटीने तपासणीला न्यायची. परतताना आपल्या बेटाच्या धक्क्याजवळच्या दुकानासमोर ते गाडी थांबवायला लावायचे. "चिगुसा, दोन डबे." मी आणायची. समुद्राकडे तोंड करून गाडीत बसून ते खायचे, मी खिडक्या उघडायची. मग ओल्या फडक्याने तोंड पुसायचे, हात पुसायचे, आणि म्हणायचे, "पुसलं की गेलं." अडीचशे वर्षं ज्या घरात लग्नाला आलेल्या पाहुण्यालाही चार दिवस उंबरठ्यावर अडवत होते, त्या घराचा मालक फडक्याने हात पुसून सोमवारी कोजीत हात घालत होता. मालकाला दारात कोण विचारणार, काय खाल्लंस? विचारायचं काम त्यांचंच होतं.

दोन वर्षं चार महिने. मी एकदाही बोलले नाही. वीस वर्षांची होते, घाबरत होते, हे सगळं खरं आहे आणि कशालाही पुरत नाही.

आता राहिलेलं. तुझ्याविरुद्ध पुरावा काय होता, आठवतं? गाडीच्या सीटखाली सापडलेलं नत्तोच्या डब्याचं झाकण. कामगारांनी आणून बाबांच्या हातात दिलं. गाडी त्या महिन्यात तू वापरत होतास. बाबांनी ते सगळ्यांना दाखवलं, दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तसं. ते झाकण शनिवारचं होतं. डबे टाकायचं काम माझं होतं. ते एक सीटखाली सरकलं आणि मी शोधलं नाही.

तू माझ्याकडे बघितलंस. मी माझ्या रबरी बुटांकडे बघत होते.

त्या दिवसापासून मला जी मळमळ आहे ती नत्तोची नाही. लोकांना वाटतं मला वास सहन होत नाही. मी त्यांना तसं वाटू देते.

माफी मागायला शब्द जुळवत बसले तर त्यांचीही किळस येईल, म्हणून मागत नाही. योशिला सगळं सांगितलं आहे, झाकणासकट. तो म्हणाला, "तू खोटं बोलतेस. बाबांच्या समोर नत्तो नुसता उघड, उलटी होईल त्यांना." मी म्हटलं, चल, रविवारी उघडू.

चिगुसा

*

८ जुलै

दादा,

काल गेलो होतो. गाडी योशिने चालवली. त्याच्या पिशवीत हानावाच्या नव्या लेबलच्या नमुन्याच्या दोन छोट्या बाटल्या होत्या, बाबांना दाखवायला. माझ्या पिशवीत दुकानातून घेतलेला नत्तोचा एक डबा.

बाबा पलंगावर टेकून बसले होते. नेहमीप्रमाणे सुरुवात आमटीपासून झाली.

"आज पुन्हा गरम पाणी पाजलं. मिसोची आमटी म्हणे."

"बाबा, मी काहीतरी आणलंय," मी म्हटलं आणि डबा त्यांच्या जेवणाच्या ट्रेवर ठेवला. झाकण लावलेलंच होतं. मी ते उघडलंसुद्धा नाही.

योशि माझ्याकडे बघत होता. बघ आता, अशा नजरेने.

बाबांनी डबा स्वतःकडे ओढला. झाकण तोडून बाजूला उलटं ठेवलं. दाण्यांवरचा पातळ कागद एका कोपऱ्यात धरला, चॉपस्टिकचं टोक त्यावर दाबून गोल फिरवला आणि अलगद काढून घेतला. एक तार ओढली गेली नाही, एक दाणा चिकटला नाही. कागद चिकट बाजू आत घेऊन दुमडला आणि झाकणात ठेवला. मग ढवळायला लागले. पन्नासेक वेळा फिरवलं, फेस आला, चॉपस्टिक उचलून मनगटाला एक हिसका दिला आणि तारा टोकाभोवती गुंडाळून तोडल्या.

आपल्या घरात ही गोष्ट कोणालाच करता येत नाही, दादा. मला येत नाही, योशिला येत नाही. आपण कधी शिकलोच नाही.

"मोहरी कुठंय?" बाबा म्हणाले.

मी पुडी फोडून दिली. सोबतची सॉसची पुडी त्यांनी वाचून बाजूला सारली. "हे साखरेचं पाणी नको. आपला दे."

योशिने पिशवीतून बाटली काढली. वर सोनेरी अक्षरात 'अडीचशे वर्षं अखंड' छापलेलं होतं. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही, चार थेंब टाकले. "ढवळून झाल्यावर टाकायचा असतो. लोक आधी टाकतात, मूर्ख." आणि खायला लागले.

योशिचा आवाज मी ओळखलाच नाही. "बाबा, तुम्ही हे कधी शिकलात?"

"ताकामात्सुला."

"आणि मोतोहारु दादा?"

बाबांनी घास गिळला. "त्याचं काय? तो नव्हता खात. लहानपणीही शेजारच्या घरून वास आला तर नाक धरायचा."

"मग त्याला घालवलंत कशाला?"

"अरे, कोजी गेली होती. कोणाचं तरी नाव सांगावं लागलं असतं. मालकाने खाल्लं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी कामाला कोण आलं असतं? मुलगा परत येतो. कामगार येत नाहीत." मग माझ्याकडे वळून, "हिला माहीत आहे सगळं. हीच आणायची."

हे त्यांनी असं सांगितलं, जसं एखाद्याचं कौतुक करतात.

मला वाटलं होतं, ते नाकारतील, ओरडतील, रडतील. त्यातलं काही झालं असतं तर मी त्यांच्यासाठी थोडी माफी राखून ठेवली असती. ते डब्याचा तळ खरवडत होते. त्यांच्या खालच्या ओठापासून चॉपस्टिकपर्यंत एक तार लोंबत होती, उन्हात चमकत होती, ते बोलत होते तशी हलत होती आणि तुटत नव्हती. शेवटी योशिनेच हात पुढे करून ती बोटाने तोडली. मग तो न्हाणीघरात गेला. नळ बराच वेळ चालू होता. आपल्याला लहानपणी शिकवलं होतं तसं तो धूत असणार, नखं, बोटांच्या फटी, मनगटं, कोपरापर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"याला काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. तुमचं होऊ द्या."

परतताना बोटीच्या धक्क्याजवळ योशिने गाडी थांबवली. त्याच जागी, त्याला माहीत नसताना. म्हणाला, "मी पंधरा वर्षांचा होतो. दादा गेल्यावर त्याची खोली मला मिळाली. मी खूश झालो होतो, ताई." मग म्हणाला, "अहवालात सगळ्या पुड्या घाल."

अहवालात सगळ्या पुड्या आहेत. सही केली आहे आणि एक प्रत या पाकिटात आहे. चौथं पान बघ. 'सध्याच्या बुरशीचं मूळ : १९८७चं बियाणं. करणारा : इसोगाई मोतोहारु.' कामगारांपैकी सहाजण अजून हयात आहेत. योशि आज सकाळी एकेकाच्या घरी जाऊन त्यांना झाकण कोणाचं होतं ते सांगून आला. हानावा म्हणाला, अशी गोष्ट बाटलीवर चालणार नाही. योशिने त्याला सांगितलं, मग बाटलीवर फक्त सोया सॉस लिहू.

आणि एक. योशिला चार दिवस स्वतःच्याच कोजीच्या खोलीत जाता येणार नाही, त्याने ती तार तोडली ना. तो दाराबाहेर स्टुलावर बसून आतल्यांना सूचना देतोय आणि कामगार हसताहेत. त्याने दाराच्या चौकटीवर तुझ्या नावाच्या पाटीचा रिकामा खिळा मला दाखवला. इतकी वर्षं तो त्यावर टोपी अडकवत होता.

नोव्हेंबरात बियाणं करायचं आहे. सत्त्याऐंशीच्या पुडीत अजून अर्धी पूड शिल्लक आहे आणि इतक्या जुन्या पुडीवरून बियाणं उठवायला ती करणाराच हात हवा, योशि फक्त आदल्या वर्षीच्या ताज्या पुडीवरून करतो. यायचं की नाही ते तू ठरव. आलास तर दारात मी उभी असेन. तुला काय खाल्लंस ते मी विचारणार नाही. तू मला विचार.

चिगुसा